नेहमीचा श्वास

स्कॅनवाल्या ताईंची जीभ तिखट आणि नजर त्याहून तिखट. सव्वीस वर्षं यकृताची चित्रं काढता काढता त्यांनी भल्याभल्या डॉक्टरांना सुनावलं होतं. त्या सकाळी मात्र स्वतःलाच सुनावायची वेळ आली.

पोहणं शिकवणारे निवृत्त मास्तर रेडिएशनच्या पहिल्या दिवशी बाकावर वाट बघत होते. यकृतात गाठ, बाकीचंही बहुतेक निकामी. डावीकडचा मूठभर तुकडा तेवढा काम करतो, हे ताईंच्याच स्कॅनमध्ये दिसलं होतं. किरणांची वाट त्या तुकड्याला चुकवून आखली होती. तो भाजला, तर मास्तरांचं काही खरं नव्हतं.

मास्तरांना पोटावर पेपर ठेवून डुलकी लागली होती. ताई जाता जाता थबकल्या. पेपर जेमतेम हलत होता. स्कॅनच्या दिवशी हेच पोट भात्यासारखं चाललं होतं. श्वासासरशी यकृत सरकतं, म्हणून तर श्वास मोजून चित्र काढतात. आणि "नेहमीसारखा श्वास घ्या" म्हटल्यावर मास्तरांनी तो शिष्यांसमोर घ्यावा तसा घेतला होता! ताईंनी वर कौतुकही केलं होतं. त्या तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या.

डॉक्टर वैतागले. आराखडा तयार, मशीन तयार, आता हे काय नवीन?

"चित्र मी काढलंय," ताई म्हणाल्या, "पण त्यातला श्वास त्यांचा नाही."

पुन्हा स्कॅन ठरला. पण मशीनवर आडवं केलं की मास्तर छाती फुगवणारच, सवय ती. ताईंनी मास्तरीणबाईंना माइकसमोर बसवलं आणि घरी बोलता तसं बोला म्हणाल्या. बाईंनी गळक्या नळापासून सुरुवात केली. मास्तर "हं, हं" करू लागले. चाळीस वर्षांचा सराव होता. पडद्यावरची श्वासाची रेघ हळूहळू संथ झाली. नळ झाला, कपाटाचं दार झालं, मग बाईंचा आवाज कापरा झाला.

"लवकर बरे व्हा. भांडायला दुसरं कोण आहे मला?"

रेघ लटपटली. ताईंनी डोळे पुसले, आणि रेघ पुन्हा संथ होईपर्यंत बटणाला हात लावला नाही.

नवं चित्र जुन्यावर ठेवलं, तर यकृत बोटभर सरकलेलं. तो मूठभर तुकडा थेट किरणांच्या वाटेत येत होता. डॉक्टर नवा आराखडा आखायला बसले.

दुसऱ्या स्कॅनचं कारण लिहायचं होतं. सगळे लिहितात तसं 'रुग्णाने सूचना पाळली नाही' लिहून टाका, असं डॉक्टरांनी हळूच सुचवलं. ताईंनी 'तंत्रज्ञाची चूक' लिहून खाली सही ठोकली.

"त्यांनी तर जीव ओतून पाळली," त्या म्हणाल्या.