लहान घास

महाप्याच्या आमच्या ऑफिसात सर्व्हरवरून इमारतींचे मोठे नकाशे उघडताना मध्येच अडकत. ते सुरळीत उघडून देणं माझं काम होतं; ते जमलं तरच माझी नोकरी पक्की होणार होती, आणि घरातला पहिला पदवीधर मीच होतो. एका दुपारी बाहेरून एक इंजिनियर आले. सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या हबचे लुकलुकणारे हिरवे दिवे ते अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत बसले, मांडीवर बोटाने ताल धरून. मग एका वेळी पाठवायच्या डेटाची मर्यादा त्यांनी चक्क कमी केली.

“सर, आणखी हळू नाही होणार?”

“अरे, मोठ्या गठ्ठ्यातला एक तुकडा हरवला, की समोरचं मशीन अख्खा गठ्ठा परत मागतं. लहान घास दे. टेन्शन घेऊ नको.”

नकाशा रेघेरेघेने, न अडकता उमटला. ते पुन्हा कधी भेटले नाहीत.

आता नव्या मुलांना शिकवताना माझंही बोट मांडीवर ताल धरतं, आणि मी थोडंसंच सांगून थांबतो.