नात्याचा रकाना

ती घटना मला आजही आठवते ती एका निनावी अर्जाच्या सभ्यपणामुळे. नोकरीच्या काळात मी निनावी अर्ज हजारोंनी वाचले. त्यात शिव्या असतात, धमक्या असतात, शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार असतो आणि खाली ‘एक जागरूक नागरिक’ अशी सही असते. हा अर्ज तसा नव्हता.

सोलापूर शहराला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. कुंभारीकडच्या कामगार वसाहती आमच्याच हद्दीत. सकाळी हजेरी झाली की मी आधी टपाल बघायचो. त्या दिवशीच्या टपालात हा कागद निघाला. मजकूर साधारण असा होता: ‘अमुक वसाहतीतील अमुक बाईंनी पासपोर्टसाठी अर्ज केला आहे. त्या नावाची बाई सव्वीस वर्षांपूर्वीच मयत आहे. अर्ज करणारी ही तिची धाकटी बहीण आहे. बाईंची चालचलणूक चांगली असून त्यांचा कोणाशी तंटा नाही. तरी त्यांना मुलीकडे इंग्लंडला जाण्यापूर्वी खरे काय ते विचारण्यात यावे, ही नम्र विनंती.’

मी तो दोनदा वाचला. तक्रार करणारा माणूस ‘अटक करा’ म्हणतो, ‘चौकशी करून कडक कारवाई करा’ म्हणतो. ‘खरे काय ते विचारण्यात यावे’ असं कुणी लिहीत नाही.

पासपोर्टची पडताळणी आमच्याकडे गोपनीय शाखेचा हवालदार बघायचा. त्याला बोलावलं.

“त्या बाईचं काम पूर्ण झालंय साहेब,” तो म्हणाला. “आधार, रेशनकार्ड, मतदार यादी, विडीचं कार्ड, सगळ्यावर एकच नाव. शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्यात. फक्त पाठवायचं राहिलंय.”

“तुला काही वेगळं वाटलं नाही?”

“एक वाटलं. विड्या वळणाऱ्या बायका कागदावरच्या वयापेक्षा थोराड दिसतात की. ही उलटी आहे. कागदावर एकावन्न, दिसायला पंचेचाळीस.”

मी पडताळणी थांबवायला सांगितलं आणि दुपारी साध्या वेशात वसाहतीत गेलो.

घर दोन खोल्यांचं. बाई विधवा, एकट्याच राहायच्या. कुटुंब मूळचं तेलुगू बोलणारं, विणकरांचं. नवरा यंत्रमागावर कामाला होता, तो वारल्याला सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी परिचारिका, नवऱ्यासोबत इंग्लंडमध्ये. तिला पाचवा महिना लागला होता आणि आईनं बाळंतपणाला यावं म्हणून तिनं कागदपत्रांची यादी मोबाईलवर पाठवली होती. मला वाटलं, जावयाच्या घरातलं कुणीतरी ही बाई तिकडे जाऊ नये म्हणून उद्योग करतंय. असले उद्योग पाहुण्यांतूनच होतात, हा माझा अनुभव होता.

शेजारणीला विचारलं. मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, “हिला कुटली भन आलीय सायेब? वीस-पंचवीस वर्सं शेजार हाय आमचा. लई गुनाची बाई. पोरीला नर्स केलं ते ह्या दोन हातांवर. बहिनीचं नाव कंदी काडलं न्हाय.”

आणखी चार घरं फिरलो. बहीण होती हे कुणालाच माहीत नव्हतं. मग निनावी अर्ज लिहिणाऱ्याला ते कसं कळलं? इथपर्यंत मी आलो होतो, पण पुढचं साधं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना ठाण्यात बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसली. ठाण्यात वयस्कर बाईला आम्ही मावशीच म्हणतो, तसं मी म्हणालो, “बसा मावशी, पाणी घ्या.” बाईंनी एकदम वर बघितलं. पोलिसांसमोर माणसं दचकतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

नाव, जन्मतारीख, आईवडील, लग्न. सगळी उत्तरं पाठ केल्यासारखी आली. एकही चुकलं नाही. मुलीचा जन्मदाखला त्यांनी स्वतःच पिशवीतून काढून दिला. आईच्या नावापुढे तेच नाव होतं. माझं संपत आलं तेव्हा त्यांनीच विचारलं,

“सायेब, पासपोर्ट झाला की मंग काय असतं?”

“मग व्हिसा. मुलीचं बोलावणं लागतं, तुम्ही तिच्या कोण हे लिहावं लागतं, त्याचा पुरावा लागतो. बोटांचे ठसे, फोटो. परत येणार याची खात्री द्यावी लागते.”

“आनि तितं उतरल्यावर?”

“तिथं खिडकीवर अधिकारी बसलेला असतो. कुणाकडे आलात, किती दिवस राहणार, ती तुमची कोण, असं विचारतो.”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “त्यो बी इचारतो म्हना की,” एवढंच बोलल्या.

मी त्यांना जाऊ दिलं. पुराव्याच्या दृष्टीनं त्यांच्याविरुद्ध काहीच नव्हतं. निनावी अर्ज दप्तरी दाखल करायला म्हणून हातात घेतला आणि अक्षराकडे नीट बघितलं. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली एक निवृत्त कारकून टेबल टाकून अर्ज लिहून द्यायचे. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांपैकी निम्मे त्यांच्या हातचे. ते वळणदार अक्षर आणि ती ‘नम्र विनंती’ त्यांचीच होती. मी तडक त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “साहेब, लिहून घेणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, हा माझा नियम आहे.”

“मोडा आजच्या दिवस.”

“एक बाई होत्या. मजकूर सांगताना रडत होत्या. दुसऱ्याविरुद्ध अर्ज देताना इतकं कुणी रडत नाही. मी विचारलं, या बाईंवर तुमचा राग आहे का? तर म्हणाल्या, न्हाय, चांगली हाय बिचारी, तसं बी लिवा. म्हणून ते चालचलणुकीचं वाक्य घातलं.”

“कशा होत्या दिसायला?”

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मला पुढचं ऐकायची गरज राहिली नाही.

संध्याकाळी मी आणि महिला हवालदार पुन्हा वसाहतीत गेलो. अर्ज बाईंच्या समोर ठेवला आणि म्हणालो, “तुम्हाला विचारायला सांगितलंय ना? तर विचारतो. खरं काय आहे?”

त्यांनी अर्जाची घडी घातली. मग जे बोलायला लागल्या ते थांबल्या नाहीत.

दोघी बहिणी. थोरलीचं लग्न झालं, धाकटी वडिलांकडे. लहानपण सोलापुरातच गेलं. पुढे वडील तेलंगणातल्या आपल्या गावी परतले. थोरली बाळंतपणाला तिकडे गेली. मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी थोरलीला झटके येऊन ती गेली. मृत्यूची नोंद कुणी केली नाही. बाळाला सांभाळायला म्हणून धाकटी मेव्हण्याबरोबर सोलापूरला आली. वीस वर्षांची होती. विडीचं काम कार्डावर मिळायचं आणि कार्ड थोरलीच्या नावाचं होतं. चेहरा मिळताजुळता. तिनं तेच कार्ड चालवलं. मग देवळात लग्न झालं, बिऱ्हाड नव्या वसाहतीत आलं, रेशनकार्ड झालं, पुढे आधार झालं, सगळं त्याच नावावर. मुलगी अम्मा म्हणायला लागली.

“पोरीला सांगू सांगू म्हनलं. ती साळंत गेली तवा सांगनार व्हते, मोठी झाल्यावर सांगनार व्हते. ह्यांनी मरताना सांगटलं, आता नगं सांगू. हितं कुनी इचारलंच न्हाय सायेब मला, तू कोन म्हनून.”

“मग आताच का? कागद तर सगळे बरोबर होते. तुम्ही गेला असतात.”

“गेले असते की.” त्यांनी डोळे पुसले. “पन गेल्या महिन्यात पोरीचा फोन आला. तितल्या डाक्टरनं तिला इचारलं, तुझ्या आईला बाळंतपनात काय तरास झाला व्हता का. पोरगी मला इचारती, अम्मा, काय झालं व्हतं का गं? आनि मी म्हनले, काय न्हाय. चांगलं झालं सगळं.” त्यांनी अर्जाची घडी पुन्हा उलगडली. “अक्का झटक्यानं गेली सायेब. आनि मी तिच्या पोरीला सांगटलं, काय न्हाय. त्या दिवसापासनं जेवान जाईना. फोन हातात घेते आनि ठेवते. मंग म्हनलं, पोलिसांनीच धरावं मला. तुमी धरलं की सांगावंच लागंल.”

महिला हवालदार उठून बाहेर गेली. तिचेही डोळे भरले होते. मी वहीत बघत बसलो.

पासपोर्टच्या अर्जात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि ते मी बाईंना स्पष्ट सांगितलं. त्याच सकाळी थोरलीच्या नावाचा अहवाल बिनतक्रार पाठवला असता तर त्यात मीही सामील झालो असतो. मी वरिष्ठांना सगळी हकीकत सांगितली. बाई स्वतःहून पुढे आल्या आहेत आणि पासपोर्ट अजून निघालेला नाही, हे पाहून त्यांनी अर्ज मागे घेऊ द्यायला आणि अहवालात सगळं खरं लिहायला सांगितलं. बाईंचा जबाब नोंदवला. खाली सही करताना त्यांचा हात अडला. सव्वीस वर्षं बहिणीची सही केली होती. स्वतःची कशी करायची हे आठवावं लागलं.

राहिली मुलगी. बाई म्हणाल्या, “तुमीच सांगा सायेब.” मी नाही म्हणालो. मग त्यांनी दुसऱ्या दिवशी ठाण्यातूनच फोन लावला. घरी जीभ उचलत नाही म्हणाल्या. मला तेलुगू येत नाही. मी एवढंच बघितलं की बाई उभ्या राहून बोलत होत्या, ‘अक्का’ हा शब्द चार-पाच वेळा आला आणि पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग फोन बंद झाला.

अकरा दिवस मुलीचा फोन आला नाही. बाई रोज दुपारी ठाण्याच्या दारात यायच्या, महिला हवालदाराकडे बघायच्या आणि परत जायच्या. त्या दिवसांत मला माझ्या निर्णयाची शंका यायला लागली होती, हे कबूल करतो.

बाराव्या दिवशी ठाण्यातल्या फोनवर मला बोलावलं गेलं. पलीकडे तरुण आवाज होता. “साहेब, मी त्यांची...” ती अडखळली. “मी अम्माची मुलगी बोलतेय.”

मी खुर्चीत बसलो.

“मी तिच्याशी बोलले नाही इतके दिवस. मला राग आला होता. खोटं बोलली म्हणून नाही. मला माझ्या आईचा एक फोटोसुद्धा कधी दाखवला नाही, म्हणून. पण त्या दिवशीच मी इथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. असे झटके बीपी वाढून येतात, म्हणाले. त्यांनी औषध सुरू केलंय, आता दर आठवड्याला तपासतात. साहेब, एक विचारायचंय. आईला व्हिसा मिळतो. मावशीला मिळतो का?”

तोवर मी पासपोर्ट कार्यालयातल्या एका परिचिताला विचारून ठेवलं होतं. “मिळतो. भेटीला आईच यायला हवी असा नियम नाही. नातं जे आहे ते लिहायचं. कुठं राहणार, कधी परतणार, हे स्पष्ट हवं.”

“मग तिला सांगा, कागद करायला घे म्हणावं.”

“ते तुम्हीच सांगा,” मी म्हणालो.

कागदांना वेळ लागला. बाई लहानपणी तेलुगू माध्यमाच्या शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या. आमच्या हवालदारानं शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांचं नाव शोधून काढलं आणि तिथून त्यांची खरी ओळख पुन्हा उभी राहिली. तेलंगणातल्या गावी जाऊन थोरलीच्या मृत्यूची नोंद करून घ्यावी लागली. विडीचं कार्ड बाईंनी स्वतः नेऊन परत केलं आणि आपल्या नावाचं नवं काढून घेतलं. परत करण्याआधी जुन्या कार्डावरच्या थोरलीच्या फोटोची मोठी प्रत काढून मुलीला पाठवली. या सगळ्यात बाळंतपण होऊन गेलं. मुलीचं बीपी शेवटच्या महिन्यात वाढलंच, पण तिथले डॉक्टर आधीच सावध होते. तिला लवकर भरती करून घेतलं आणि दोघंही सुखरूप राहिली. बाई त्या दिवसभर आमच्या ठाण्याच्या बाकावर बसून होत्या. मुलगा झाल्याचा फोन आला तेव्हा आख्ख्या ठाण्याला त्यांनी पेढे वाटले, कोठडीतल्या दोघांनाही.

मुलीनं व्हिसासाठी लिहिलेलं पत्र बाईंनी मला वाचायला आणलं. इंग्रजीत होतं, मीच मराठीत सांगितलं: ‘या माझ्या आईच्या धाकट्या बहीण आहेत. मी तीन दिवसांची असताना माझी आई वारली. त्या दिवसापासून मला यांनीच वाढवलं. नात्याच्या रकान्यात मी मावशी असं लिहिलं आहे, कारण ते खरं आहे. माझ्या मुलाला मात्र मी यांची ओळख आजी म्हणून करून देणार आहे.’

व्हिसा मिळाला. बाई गेल्या तेव्हा नातू आठ महिन्यांचा होता, रांगत होता.

त्या प्रकरणानंतर मी पडताळणी करणाऱ्या हवालदारांना एक सूचना दिली, ती निवृत्तीपर्यंत पाळली गेली. फॉर्म भरून झाला की लगेच उठायचं नाही. पेन खिशात ठेवायचं, पाणी मागायचं आणि दोन मिनिटं नुसतं बसायचं. आम्ही पोलीस माणसं पकडायला शिकतो. काही माणसं कुणीतरी विचारावं म्हणून वर्षानुवर्षं थांबलेली असतात, हे मला शिकायला तीस वर्षं लागली.

त्या बाईंच्या बाबतीत माझ्या मनात राहिलेलं चित्र विमानतळाचं नाही. ते मला वसाहतीतल्या शेजारणीनं सांगितलं. पासपोर्टचं पाकीट घेऊन पोस्टमन आला आणि त्यानं गल्लीत पाकिटावरचं नाव पुकारलं. ओट्यांवर बसलेल्या बायका म्हणाल्या, “ह्या नावाचं कुनी न्हाय हितं, फुडल्या गल्लीत बगा.” पोस्टमन वळला. तेवढ्यात आतून बाई धावत आल्या, हाताला तंबाखू तशीच, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“हाय की! मीच हाय ती.”