खुर्चीतली म्हातारी कोणी बनवली

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसांसमोर ते तोंडातून निघतच नाही. दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा भलत्याच विषयावर बोलून थांबले.

माझे वडील, आप्पा, सातवी शिकलेले. विट्याला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपांच्या मोटारी पुन्हा चालू करायच्या, आणि गणपती आले की मंडळाचे हलते देखावे उभे करायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मेकॅनिकल केलं, इथे अमेरिकेत येऊन एमएस केलं, आता श्रूजबरीत नोकरी, घर. हे सगळं आप्पांमुळे, असं मी सगळ्यांना सांगते. अगदी मनापासून सांगते. मग तरीही तसं कसं वागले?

आप्पा आले तेव्हा ऑक्टोबर लागला होता. घरोघर अंगणात हॅलोविनचे, भुतांच्या सणाचे सांगाडे. समोरच्या घरी हवा भरलेलं भलंमोठं भूत. आप्पा त्याच्याकडे बघत म्हणाले, "नुसतं हुभंच ऱ्हातंय व्हय?" दुसऱ्या दिवसापासून आमचं गॅरेज त्यांचं झालं. रस्त्याकडेला कोणीतरी 'फ्री' अशी चिठ्ठी लावून ठेवलेली खुर्ची, भंगारातल्या गाडीची वायपर मोटर, प्लायवूड, पाइप, माझा जुना स्वेटर — आणि अकरा दिवस. त्यातून एक म्हातारी तयार झाली. दारातल्या पायपुसण्यावर कोणी पाय ठेवला की ती सावकाश मान वळवायची, अर्ध्यातच थांबायची, मग एकदम पूर्ण वळून हात उचलायची. यात माझं काम काय? केस चिकटवले. पांढऱ्या दोरीचे.

हॅलोविनच्या संध्याकाळी चॉकलेट मागायला आलेली मुलं एकदा घाबरून गेली की पुन्हा रांगेत येत होती. शेजारच्या कॅरल, निवृत्त शिक्षिका, गावच्या लायब्ररीत शनिवारी मुलांना वस्तू बनवायला शिकवतात. त्या गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली बराच वेळ बघत राहिल्या. मग मान वर करून विचारलं, हे कोणी बनवलं?

आप्पा माझ्या शेजारीच उभे होते. हातात चॉकलेटचं पातेलं, खिशात स्क्रू ड्रायव्हर.

मी म्हणाले — मी.

दिवसभर ऑफिसात मी दुसऱ्यांच्या डिझाइनचे आकडे एक्सेलमध्ये भरते. कॅरलनी पाहिलं तसं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा काय वाटलं ते सांगते.

आप्पांनी विचारलं, काय म्हणतात बाई? किती दिवस लागले विचारतात, मी म्हणाले.

"मग सांग की. अकरा."

मी सांगितलं.

इथवर चुकून तोंडून गेलं असं म्हणता आलं असतं. पण पुढचं? कॅरलनी मला शनिवारी मुलांना शिकवायला बोलावलं, आणि ती मान कशी चालते हे मला माहीतच नव्हतं. मी आप्पांना विचारलं. त्यांनी म्हातारीच्या पाठीतून मान फिरवणारी अंड्याच्या आकाराची लाकडी चकती काढली, किचनच्या टेबलावर ठेवली आणि बोटानं फिरवून दाखवत राहिले — एकदा, दोनदा, दहादा. चहा निवून गेला. "मान थांबती ना, तवा माणूस भितंय," ते म्हणाले. "वळताना न्हाई." मी वहीत लिहून घेतलं. इतक्या वर्षांत मी त्यांचं काम पहिल्यांदाच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं — मला दिसत होतं.

शनिवारी, मैत्रिणीला दाखवायचंय असं मी आप्पांना सांगितलं. म्हातारी त्यांनीच गाडीत नीट बांधून दिली. मी येऊ का, काही अडलं तर? असं त्यांनी विचारलं. गाडीत जागा नाही, मी म्हणाले. जागा होती.

लायब्ररीत मी त्यांचं ते वाक्य इंग्रजीत म्हटलं. माझं म्हणून. एका मुलीनं विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? कॉलेजमध्ये शिकले, असं मी सांगितलं.

आप्पा परत गेले. यंदा गणपतीच्या आधी त्यांनी मंडळाच्या मांडवातून व्हिडिओ कॉल केला. कॉल चालू असतानाच ते दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर म्हातारीचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होते. पांडूकाका तीस वर्षं आप्पांबरोबर देखावे रंगवत आलेत. ते लगेच म्हणाले, "ही मान तुझीच की रं आप्पा."

"न्हाई," आप्पा म्हणाले. "वैशूनं केलंय ते. मी नुसता बसून बघत हुतो."

म्हणजे त्यांना कळलं होतं. कधी? दारात, त्याच क्षणी? मग टेबलाशी बसून ते मला इतकं नीट, इतकं पुन्हा पुन्हा समजावत होते, ते —

पांडूकाकांनी फोन हातात घेतला. त्यांच्या मागे आप्पा दिसत होते, माझ्याकडेच बघत.

"शाब्बास पोरी," काका म्हणाले.

मी म्हणाले, थँक्यू काका.