भोंग्यातला धप्प

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात माईकवर बोलायचं काम माझ्याकडे आहे. पावती फाडून घ्या, टेम्पो वाटेत लावू नका, असं मी दिवसभर ओरडतो आणि कोणी ऐकत नाही. पण माईकची पेटी चालू केली की भोंग्यातून असा धप्प आवाज यायचा की अख्खा बाजार दचकायचा. नवी डिजिटल पेटी आहे, चालायचंच, असं मी म्हणायचो. एंजेला साळवेला मात्र ते चालत नव्हतं.

एंजेला नेवासा फाट्यावर टीव्ही आणि अँप्लिफायर दुरुस्त करते. चाळिशीची, बोलायला तिखट आणि भारी चौकस. जेवताना भाकरीसुद्धा ही बाई उलटून बघत असणार, अशी मला दाट शंका आहे. तिनं आमची पेटी उघडली आणि आकड्यांचं आवाजात रूपांतर करणाऱ्या चिपवर बोट ठेवलं.

"काका, बंद असताना ही शून्यावर बसलेली असती. करंट आला की एकदम मधल्या पातळीवर उडी मारती. ती उडीच भोंग्यातनं ऐकू येती. पाटाचं दार एकदम उचललं की वाफा फुटतो ना, तसं हाय."

मग तिनं भोंग्याच्या वाटेवर एक रिले बसवला. चिप स्थिरावेपर्यंत भोंग्याचं कनेक्शन तोडून ठेवणारा, आपोआप चालणारा खटका. बाजाराच्या दिवशी सकाळी पेटी चालू केली, धप्प गायब! मी लगेच माईकवरून तिचं कौतुकही करून टाकलं. माझी जीभ अशीच घाई करते.

त्याच दिवशी रंगुबाईंनी बैल विकायला आणला होता. जोडीतला दुसरा मेला, शेत ट्रॅक्टरवर गेलं, एकट्याला दावणीला किती दिवस बांधून ठेवणार? कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याला त्याच्या बैलासाठी नेमका जोडीदार हवा होता. रंगुबाईंचा दलाल आणि कानिफनाथ उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवत होते आणि तेवढ्यात लाईट गेली. धप्प! बैल उधळला, उपरणं एकीकडे उडालं, कानिफनाथ दुसरीकडे पडला.

"भडक्या हाय," कपडे झटकत तो म्हणाला आणि निघून गेला. एकदा असं नाव पडलं की बैलाला औतासाठी कोणी घेत नाही.

काम बघायला थांबलेल्या एंजेलाचा चेहरा उतरला. "माझ्या कामामुळं त्याचं नाव खराब झालं, काका." मी समजूत घालायला गेलो, तर ती पेटीत डोकं घालून बसली. मी पेटी बंद करताना आधी आवाज कमी करतो, पण लाईट काही मला विचारून जात नाही. पेटीत साठलेला करंट हळूहळू संपतो. त्यात चिप आधी कोलमडायची आणि रिले मागाहून सुटायचा, असं तिला सापडलं. मग तिनं रिले थेट बाहेरच्या लाईनवर नजर ठेवील अशी जोडणी केली. लाईन गेली की भोंग्याची वाट आधी तुटेल, पेटी मग सावकाश मरेना का.

पुढच्या बाजारी तिनं रंगुबाईंचा बैल बरोबर भोंग्याखाली उभा करायला लावला. कुरकुरणाऱ्या कानिफनाथला मी हाताला धरून आणलं.

"तपासायला मीटर कुठंय?" मी विचारलं.

"ह्यो काय उभा हाय," बैलाकडे बोट करत एंजेला म्हणाली.

मी प्लग उपटला. लावला. पुन्हा उपटला. मग कानिफनाथनं स्वतः उपटून पाहिला. पेटीत बारीक टिक् व्हायचं, बैल एक कान तिकडे वळवायचा आणि रवंथ करत राहायचा.

"म्हंजी भोंगाच भडक्या हुता म्हना," कानिफनाथ हसला. उपरण्याखाली पुन्हा बोटं गेली आणि सौदा झाला.

एंजेला धावतच रंगुबाईंकडे गेली. "मावशी, आता त्याला कोन नावं ठेवतंय बघू!"

रंगुबाई बैलाच्या मानेवरून हात फिरवत होत्या. "लई गुनाची हायेस बाई. त्याला जोडीदार मिळाला, घर चांगलं मिळालं. पन खरं सांगू? मागल्या बाजारी त्यो उधळला, गिऱ्हाईक गेलं, अन् मी त्याला घेऊन माघारी निघाले. रस्ताभर मला लई बरं वाटत हुतं."

कानिफनाथ दावं घ्यायला पुढे झाला होता. तो थांबला आणि दावं त्यानं आणखी थोडा वेळ रंगुबाईंच्याच हातात राहू दिलं.