बावीस वर्षे सीलबंद

त्सुरुमाकी योरिको-सान शाळांना दुपारचं जेवण पुरवणाऱ्या केंद्रात भांडी धुण्याच्या विभागात काम करतात. केंद्र ओसाकाच्या पूर्व टोकाला आहे. तिथून रोज तीन हजार दोनशे मुलांचं जेवण बाहेर पडतं आणि तेवढे वाडगे परत येतात. योरिको-सान सत्तावन्न वर्षांच्या आहेत. एकट्या राहतात. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि प्लॅस्टिकचे साचे करणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो. आमची ओळख जिन्यात झाली. त्यांनी पिशवीतून एक लिंबाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "पोंक्षे-सान, तुमच्याकडे मोठं रिकामं खोकं आहे का?"

खोकं बाहुल्यांसाठी हवं होतं. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एकाच मुलीच्या चोवीस बाहुल्या आहेत. मुलीचं नाव इसोने. बावीस वर्षांपूर्वी टीव्हीवर लागलेल्या एका कार्टून मालिकेत ती एका दीपगृहाचा दिवा सांभाळायची. मालिका सव्वीस भागांत संपली, फारशी गाजली नाही. योरिको-सान तेव्हा पस्तिशीच्या होत्या आणि पहाटे कामावर जात होत्या. दिवा वेळेवर लावणं एवढंच काम असलेली मुलगी त्यांना आवडली. यापेक्षा मोठं कारण त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

जुन्या संग्राहकांची एक रीत आहे. मनात भरलेल्या वस्तूचे तीन नग घ्यायचे. एक बघायला, एक जपायला आणि एक दुसऱ्याला या नादाला लावायला. इसोनेची वीतभर उंचीची खास बाहुली ओसाकातल्याच निप्पोनबाशी भागातल्या एका दुकानात एकच दिवस विकली गेली, माणशी तीन. योरिको-सान पावसात चार तास उभ्या राहिल्या, तीन घेतल्या, आणि माल संपला. त्यांच्या मागे शाळेच्या गणवेशात नेझू नावाचा एक मुलगा होता. तो रांगेतून हलेना. योरिको-सानांनी तिसरी बाहुली तिथेच त्याला घेतल्या भावात दिली. हा नेझू आता कवळ्या बनवतो, त्याला दोन मुली आहेत आणि योरिको-सानांना तो अजून नेसान म्हणतो, म्हणजे ताई.

बघायची बाहुली फ्रीजवर उभी असते. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी योरिको-सान तिला "जाऊन येते" म्हणतात आणि दार ओढून घेतात. तिच्या केसांवर तळणाचा पिवळट थर आहे. डावा अंगठा एकदा तुटला होता, तो चिकटवला आहे.

जपायची बाहुली कपाटात, गाद्यांच्या मागे होती. पेटीवर कागद, कागदावर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांच्या तोंडाला तीन पदरी चिकटपट्टी. ती एकदाही उघडली गेली नव्हती.

कुरोसे हे गाव ओसाकाहून गाडीने तीन तासांवर आहे. मालिकेतलं दीपगृह तिथल्या दीपगृहावरून काढलं होतं, म्हणून चाहते तिथे जातात. बोटीच्या जुन्या तिकीटघराच्या वरच्या मजल्यावर हामाजी तामोत्सु-सानांनी त्यांच्यासाठी एक खोली केली आहे. हामाजी-सान चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पूर्वी खालच्या खिडकीत तिकिटं फाडायचे. चाहते येऊ लागेपर्यंत त्यांनी मालिका पाहिली नव्हती. मग एका आठवड्यात सगळी पाहिली आणि पुढच्या आलेल्याला सांगितलं, "अकराव्या भागात भरती चुकीच्या वेळी दाखवली आहे." खोलीत एक वही असते. जो येतो तो तारीख घालून दोन ओळी लिहितो आणि खाली टोपणनाव टाकतो. योरिको-सान चाळीस वेळा लिहून आल्या होत्या.

गेल्या शरद ऋतूत हामाजी-सानांनी वहीत लिहिलं, की खोलीला पंधरा वर्षं होत आहेत, मधल्या काचेच्या कपाटात ठेवायला ती खास बाहुली हवी आहे, कारखान्यातून निघाली तशी, पेटी सगळ्यांसमोर इथेच उघडू. योरिको-सानांनी खाली लिहिलं, "माझ्याकडे आहे. बंद आहे. कायमची देते." आणि टोपणनावाऐवजी पूर्ण नाव लिहिलं. त्या वहीत असं कोणी करत नाही. पानाचा फोटो दोन दिवसांत सगळ्या चाहत्यांकडे पोचला.

"विकली तर बरेच येन येतील," मी म्हणालो.

"विकून काय करू? दुसरी घेऊ?" त्या म्हणाल्या. "माझ्यानंतर ती कुठे जाणार ते सांगा. भावाची सून पहिल्याच दिवशी कचऱ्याच्या पिशवीत घालेल. आणि तेही ओल्या कचऱ्याच्या. कुरोसेला राहिली तर कोणीतरी बघेल."

मला प्लॅस्टिकची थोडी माहिती असल्याने शंका होती. मी म्हणालो, "नेण्याआधी एकदा उघडून बघायची का?"

"उघडली तर ती बंद राहील का?"

"नाही."

"मग झालं तर."

मी पुढे बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी योरिको-सान, नेझू आणि मी निघालो. पेटी योरिको-सानांच्या मांडीवर होती. त्यांच्या पिशवीत जेवणाचा डबा होता आणि डब्यात हातरुमालात गुंडाळलेली फ्रीजवरची बाहुली. ती प्रत्येक फेरीला बरोबर येते. दीपगृहाच्या कठड्यावर उभी करून तिचा फोटो काढायचा असतो, मालिकेत इसोने उभी राहते त्याच कोनातून.

"नेसान, हिचं तिकीट काढलं का?" नेझूने विचारलं.

"सहा वर्षांखालच्यांना लागत नाही."

"बावीस वर्षांची झाली ती."

"तुझी कशी आहे ते सांग आधी."

"कामाच्या टेबलावर आहे. दुसऱ्याच दिवशी उघडली होती मी. केस जांभळे रंगवले, मग दात बसवून पाहिले."

"तुला दिली ते चुकलंच माझं," योरिको-सान म्हणाल्या आणि त्याला गोळी दिली.

दीपगृहावर फोटो झाला. अकरा वाजता वरच्या खोलीत चौतीस माणसं जमली. हामाजी-सानांनी काचेच्या कपाटावर हाताने लिहिलेली पाटी लावली होती, ‘बावीस वर्षे सीलबंद. ओसाकाच्या त्सुरुमाकी योरिको-सान यांची भेट.’ योरिको-सानांनी पांढरे हातमोजे घातले, चिकटपट्टी कापली, पिशव्या काढल्या, कागद काढला. पेटी कोरी होती. लोक पुढे सरकले. त्यांनी झाकण उघडून बाहुली बसवलेला आतला पारदर्शक प्लॅस्टिकचा साचा ओढला.

आधी वास आला, जुन्या मेणाच्या खडूंसारखा. मग बाहुली दिसली. ती सगळी चकाकत होती, तेल चोपडल्यासारखी. पांढरा एप्रन पिवळा पडला होता. घोट्यांतून ती पुढे वाकली होती आणि कपाळ साच्याला चिकटलं होतं. योरिको-सानांनी तिला सोडवलं तेव्हा बारीकसा आवाज झाला. हातमोज्याचे धागे तिच्या पाठीवर राहिले.

फोटोसाठी वर झालेले फोन एकेक करून खाली गेले.

"घाम आलाय तिला," योरिको-सान म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "पोंक्षे-सान, तुम्ही प्लॅस्टिकवाले. हे काय आहे?"

मी सांगितलं. हे प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव मिसळतात. तो वर्षानुवर्षं थोडा थोडा बाहेर येत राहतो. वस्तू उघड्यावर असली तर उडून जातो, पुसला जातो. बंद पेटीत त्याला जायला जागा नसते, म्हणून तो अंगावरच साचतो. आणि साचा नीट टेकू देत नसेल तर नुसत्या वजनाने पाय वाकतात.

"म्हणजे फ्रीजवरची ठीक आहे ती..."

"फ्रीजवर होती म्हणून."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं."

"शंका होती."

"शंका," त्या म्हणाल्या.

मागून एकजण हळूच म्हणाला, की त्सुरुमाकी-सानांच्या डब्यात दुसरी आहे, सकाळी दीपगृहावर पाहिली. सगळ्यांनी डब्याच्या पिशवीकडे पाहिलं. हामाजी-सानांनी घसा साफ केला. "अवघड वाटत असेल तर राहू दे. पण ती दिलीत तरी आम्हाला आनंदच आहे. कपाट रिकामं आहे."

योरिको-सानांनी डबा काढला आणि उघडला. रुमालात झोपलेल्या बाहुलीकडे पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"ही नाही," त्या म्हणाल्या. "हिला सकाळी घरी असायला लागतं. आणि मी वहीत बंद असलेली देते असं लिहिलंय, ही नव्हे." त्यांनी वाकलेली बाहुली उचलली. "हामाजी-सान, मोरी कुठे आहे?"

मोरी खालच्या मजल्यावर, तिकिटाच्या खिडकीमागे होती. त्यांनी मोजे काढले, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, मनगटाच्या आतल्या बाजूने पाणी किती कोमट आहे ते पाहिलं. भांड्यांचा साबण दोन थेंब घेतला. "दातांचा मऊ ब्रश," त्या म्हणाल्या. नेझूच्या खिशात तो असतोच. बोटांच्या बेचक्या, एप्रनच्या चुण्या, केसांखालची मान, असं करत त्यांनी बाहुली तीनदा धुतली आणि प्रत्येक वेळी अंगठा फिरवून चिकटपणा गेला का ते तपासलं. चौतीस माणसं जिन्यात दाटीवाटीने उभी राहून बघत होती. कोणीतरी पुन्हा फोन वर केला.

"नेसान, मला दर आठवड्याला अशा कवळ्या धुवून द्याल का?"

"तुझे हात मोडलेत का?"

चिकटपणा गेला. एप्रन पिवळाच राहिला. नेझूने बाहुलीचे पाय गरम पाण्यात बुडवून सरळ केले, पण पुरते नाहीत. इसोने थोडी पुढे झुकलेली राहिली. हामाजी-सानांनी मासेमारीची पारदर्शक दोरी तिच्या कमरेभोवती घेऊन मागे कपाटाला बांधली. मग पाटीसमोर गेले आणि पेनाने ‘सीलबंद’वर एक रेघ मारून वर ‘बंद होती’ असं लिहिलं. नवी पाटी त्यांनी केली नाही. ती अजून तशीच आहे.

योरिको-सानांनी वहीत बेचाळिसावी नोंद केली, ‘आज धुतली. हवा लागू द्यावी.’ खाली पुन्हा पूर्ण नाव घातलं.

परतीच्या गाडीत त्यांनी बराच वेळ गोळी दिली नाही. ओसाकातलं तेन्नोजी स्टेशन जवळ आल्यावर एक काढून माझ्याकडे सरकवली. "पुढच्या वेळी शंका असेल तर नुसती विचारू नका," त्या म्हणाल्या. "ओरडा."

त्यांच्या कपाटात आणखी अकरा बंद पेट्या होत्या, निरनिराळ्या वर्षांच्या. पुढच्या रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालायला गॅलरीत आलो, तेव्हा खालच्या गॅलरीत वर्तमानपत्रं पसरलेली होती. शेजारी कोमट पाण्याची बादली होती. योरिको-सान स्टुलावर बसून कात्रीने चौथ्या पेटीची चिकटपट्टी कापत होत्या.