घोंगडीतलं कुसळ

आमच्या आजोबांनी मेंढरं विकून शेती धरली आणि मी शेती भावांवर टाकून अंबडच्या कचेरीत कारकुनी धरली. त्यामुळे लोकरीबद्दल माझं ज्ञान थंडी वाजली की पांघरायचं, एवढंच. सासरे मात्र अजून कळप राखून होते. चंपाषष्ठीला त्यांच्या घरी खंडोबाचं जागरण असे आणि मंडळींना बसायला नवी घोंगडी जावयानं आणायची, ही घरची रीत.

आदल्या वर्षी मी ती जालन्यातल्या एका दुकानातून आणली होती. दुकानदार म्हणाला, "बिलकुल हाताची." मी मान डोलावली. सासऱ्यांनी भावकीसमोर घोंगडीवरून एकदाच हात फिरवला आणि ती गोठ्यात वासराच्या पाठीवर टाकली. गिरणीची निघाली होती.

यंदा बायको दिवाळीला माहेरी गेली ती परतलीच नाही. सासऱ्यांचा निरोप तेवढा आला : "खरी घोंगडी घेऊन या, मंग लेकीला न्या." घरी भाकरी मीच थापत होतो. निरोपाचं गांभीर्य रोज दोन्ही वेळा ताटात दिसे.

म्हणून या खेपेला थेट भोकरदनकडच्या एका विणणाऱ्याच्या दारात गेलो. तो खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता, त्याची बायको अंगणात चिंचोक्याची खळ शिजवत होती.

"हाताचीच ना?" मी विचारलं.

"न्हाई पाव्हणं, आगगाडीनं आल्ती," तो वर न बघता म्हणाला. "समोर बसून काय करून राह्यलो मी?"

घोंगडी घेतली. खळीनं ती इतकी ताठ, की घरी भिंतीला टेकवली तर माझ्यापेक्षा सरळ उभी राहिली. शिवाय टोचत होती. पाहतो तर लोकरीत जागोजाग गवताची कुसळं. जागरणाची मंडळी रात्रभर यावर बसायची कशी? सुटीचा अख्खा दिवस उन्हात बसून चिमट्यानं कुसळं उपसली. मग ओढ्यावर नेऊन रिठ्यानं धुतली, पायांनी तुडवली. वाळल्यावर घोंगडी मऊ झाली, स्वच्छ झाली आणि हुबेहूब गिरणीची दिसायला लागली. तेव्हा कुठं मला गोठ्यातलं वासरू आठवलं. पण जागरण उद्यावर आलं होतं.

चंपाषष्ठीला ओसरीवर सासऱ्यांनी घोंगडीवरून हात फिरवला.

"जावईबापू, खळ कुठंय?"

"धुतली, मामा."

"अन् कुसळं?"

"काढली."

ओसरीवर टेकलेले चुलत सासरे म्हणाले, "राहू द्या. वासरू आता मोठं झालंय, त्याला दुसरी लागतच होती."

दाराआड बांगड्या वाजत होत्या, त्या गप्प झाल्या.

"आपली मेंढरं माळावर चरतेत," सासरे म्हणाले. "कुसळ घावलं की समजायचं, लोकर इथली. आता वळखू कशावरून?" त्यांनी उसासा टाकून घोंगडी अंथरली. "असू द्या. लांबून आलात, बसा."

मी बसलो आणि उठलो. या दोन गोष्टींत फारसं अंतर नव्हतं.

"काय झालं?"

सांगण्यासारखी जागा नव्हती. सासऱ्यांनी मला पाठमोरं केलं, धोतरातून काहीतरी उपटलं आणि उजेडात धरलं. बोटभर लांब, पिवळं कुसळ. अख्खा दिवस चिमटा चालवूनही माझ्या नजरेतून सुटलेलं.

"आपल्याच माळाचं," ते म्हणाले. त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"गिरणीत मेंढरं चरत न्हाईत," चुलत सासऱ्यांनीही कबूल केलं. "वासराचं नशीब न्हाई."

आयुष्यात इतक्या सुखाचा काटा मला कधी टोचला नाही. दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या आणि सासरे आत वळून म्हणाले, "पोरी, उद्याचं गाठोडं बांध."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत बायकोनं शेजारी जागा केली. "बसता का?"

"नको," मी म्हणालो, आणि अंबडपर्यंत मजेत उभा राहून आलो.