जहाजावर नुसतं बसता येतं का?

पावसाळ्यात आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात छत्र्या साठतात. लोक विसरून जातात आणि न्यायला परत येत नाहीत. किस्स्यांचंही तसंच. ज्याचा किस्सा तो तिकीट घेऊन निघून जातो, किस्सा आमच्याकडे पडून राहतो!

ऑफिस गिरगावात, ठाकूरद्वारच्या अलीकडे, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. माणसं तीन. मालक नाना सामंत, खोताच्या वाडीतली फिलोमिना आणि मी. पूर्वी आम्ही अष्टविनायक आणि केरळ विकायचो. आता मुंबईहून सुटून गोवा-लक्षद्वीप करून येणाऱ्या क्रूझची तिकिटंही विकतो.

पूर्वी गिऱ्हाईक आत आलं की "रेट काय?" म्हणायचं. आता ते खुर्चीत बसतं आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरतं. "हे रिव्ह्यू वाचा. खरं आहे का हे?"

रिव्ह्यू बहुतेक इंग्रजीत. ते मराठीत सांगणं माझ्याकडे. त्यामुळे क्रूझवर एकदाही न जाता मला तिथल्या गाद्या, सूप आणि लिफ्ट यांची खडानखडा माहिती आहे.

*

दादरचे एक काका आले. बँकेतून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांना मी पाच स्टारचा रिव्ह्यू वाचून दाखवला.

"एवढं चांगलं आहे? म्हणजे काहीतरी गडबड आहे."

मग एक स्टारचा वाचला.

"हा भांडकुदळ दिसतो."

मग तीन स्टारचा वाचला. काकांनी मान डोलावली. "हा माणूस समतोल आहे. राहतो कुठे?"

रिव्ह्यूखाली इंदूर लिहिलं होतं. काका नाराज झाले. "दादरचा कोणी नाही का?"

फिलोमिना कॉम्प्युटरवरून डोकं न काढता म्हणाली, "काका, समुद्र सगळ्यांना एकच आहे."

"समुद्र असेल हो. माणसाला काय आवडतं ते एरियावर असतं!"

मी शोधलं. माहीमचा एक सापडला. काका थोडा वेळ विचार करून म्हणाले, "माहीम चालेल."

*

परब सिस्टर आल्या त्या एका शनिवारी दुपारी. लालबागच्या. सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या, रिटायर झाल्या, पण अजूनही सगळे सिस्टरच म्हणतात. मी कॅटलॉग उघडला आणि नेहमीचं सुरू केलं. रोज रात्री शो आहे, झुंबा आहे, स्विमिंग पूल आहे, कॅसिनो आहे, मुलांना घसरगुंडी आहे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे सगळं करायलाच लागतं का?"

"नाही, तसं कंपल्सरी नाही."

"मग नुसतं बसता येतं का?"

मला वाटलं त्या बसायच्या सीटबद्दल विचारतायत. मी म्हटलं, "तुम्हाला स्वतंत्र केबिन मिळेल, झोपायला बेड."

"बेड नको हो. खुर्ची. समुद्राकडे तोंड करून, दिवसभर. कोणी ऊठ म्हणणार नाही अशी."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. "अहो, फ्रीजवर आहे. वर नाही, मागे. मागे म्हणजे भिंतीकडे. बरं." फोन ठेवला. आमचं बोलणं सुरू झालं तोच पुन्हा वाजला. "कुकरची शिट्टी? ओट्याखाली डब्यात. स्नेहाला विचारा. ती झोपली असेल तर राहू दे, मी येते." तिसऱ्यांदा नातवाचा आला. त्याला काय हवं होतं ते कळलं नाही, पण तेही सिस्टरांनाच माहीत होतं.

मी त्यांच्यासाठी रिव्ह्यू धुंडाळायला लागलो. शांत बसून छान वाटलं असं कोणीच लिहिलेलं नव्हतं. पैसे भरून गेलेला माणूस नुसतं बसलो असं कशाला लिहील? शेवटी एक स्टारचा एक सापडला. कोणा तरुणाचा, फार चिडलेला. मी तो मराठीत सांगितला. "भयंकर कंटाळवाणं. करायला काही नाही. मोबाइलला रेंज नाही. चार दिवस खुर्चीत बसून समुद्र बघत होतो. पैसे वाया!"

सिस्टर खुर्चीत पुढे सरकल्या. "हा कुठल्या बोटीवर होता?"

मी नाव सांगितलं.

"त्याच बोटीचं द्या."

नानांनी कल्पना दिली, एकटं माणूस असलं तरी केबिनचं भाडं दोघांचं पडतं. सिस्टर म्हणाल्या, "घ्या दोघांचं. दुसऱ्या बेडवर पिशवी ठेवीन."

*

परळच्या एक काकू दर आठवड्याला येऊन फक्त बुफेचे फोटो बघायच्या. लोक रिव्ह्यूत जेवणाचे फोटो टाकतात त्याचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल. एका फोटोवर बोटं फिरवून त्यांनी तो मोठा केला.

"हा पापलेट नाही."

"पण खाली 'फिश' लिहिलंय."

"फिश हे काय माशाचं नाव झालं?"

नानांनी कंपनीला फोन लावला. कंपनीने आत कुठेतरी विचारलं. बराच वेळ गाणं वाजलं. मग उत्तर आलं, की व्हाइट फिश आहे.

काकूंनी पर्स बंद केली. "ज्या घरात मासा कुठला ते सांगत नाहीत, त्या घरी मी लग्नालाही जात नाही!"

*

आठवड्याभरात परब सिस्टरांचा मुलगा प्रशांत याचा फोन आला. "आईचं बुकिंग केलंत ना? आम्ही पण येतोय. मी, मिसेस, दोन मुलं. आईला एकटीला कशी पाठवणार?"

दुसऱ्या दिवशी वरळीहून सिस्टरांच्या नणंदेचा. "वहिनी एकटीच चाललीय असं ऐकलं. मी जाते तिच्या सोबतीला. त्याच केबिनमध्ये टाका मला. तो बेड रिकामाच आहे ना?"

त्यानंतर खुद्द मिस्टर परबांचा. "माझंही एक धरा."

नाना खूश! एका बाईच्या मागे अख्खं बिऱ्हाड. केबिन अडवून ठेवल्या, पैसे भरायला आठवड्याची मुदत मिळाली. फिलोमिना मात्र म्हणाली, "पुअर थिंग. म्हणजे लालबागचं घरच बोटीवर चाललं."

संध्याकाळी सिस्टर आल्या. पोशाख नेहमीसारखा नीट, चेहरा नेहमीसारखा शांत. वॉर्डात औषधं सांगावीत तशा आवाजात मला म्हणाल्या, "भाऊ, मला वाईट रिव्ह्यू काढून द्या. प्रत्येकासाठी वेगळा."

*

मध्येच विजयदुर्गच्या आजोबांचं सांगतो, कारण ते त्याच आठवड्यात आले होते. गिरगावातच राहायचे. त्यांच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटी जायच्या. त्यांना रिव्ह्यूतून एकच गोष्ट हवी होती.

"विजयदुर्गाक थांबता की नाय?"

"नाही आजोबा. ही क्रूझ आहे. डायरेक्ट गोवा."

"पण जाता तिथूनच ना?"

"जाते. लांबून."

"मग थांबाक काय होता?"

तरीही गेले. परत आल्यावर नातीकडून रिव्ह्यू लिहून घेतला. जेवण उत्तम, खोली उत्तम, माणसं उत्तम. स्टार दोन. कारण एका ओळीत, 'विजयदुर्गला थांबली नाही.'

त्याखाली कंपनीचं उत्तर आहे. त्यांनी दिलगिरी व्यक्त केलीय आणि पुढच्या वेळी सुधारणा करू म्हटलंय!

*

परब कुटुंबासाठी मी कामाला लागलो. एक सांगून ठेवतो, एकही रिव्ह्यू मी मनाने रचला नाही. सगळे खरे, लोकांनी स्वतःच्या नावाने लिहिलेले. मी फक्त निवडले.

प्रशांतसाठी सोपं होतं. 'किनारा सुटला की नेट जातं. वायफायला वेगळे पैसे, तेही रडत चालतं.' सिस्टरांनी तो त्याला फॉरवर्ड केला. त्याच संध्याकाळी प्रशांतला ऑफिसात अर्जंट काम निघालं.

सुनेसाठी, म्हणजे स्नेहासाठी, एका पुण्याच्या बाईंनी लिहिलं होतं, 'मुलांच्या खोलीत लहान मुलांना एकटं ठेवत नाहीत. आईला तिथेच बसावं लागतं. चार दिवस मी प्लास्टिकचे ठोकळे लावत होते.' स्नेहाने वाचलं आणि सासूला म्हणाली, "मग मी घरीच काय वाईट आहे, आई? तुम्ही जाऊन या." हे मला सांगून सिस्टर म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे हो. पुढे कधीतरी तिलाही एकटीला पाठवायला हवं."

नणंदेसाठी फोटोवाला निवडला. 'बाथरूम इतकं छोटं की आत गेल्यावर वळता येत नाही.' नणंदेचा लगेच फोन. "हा रिव्ह्यू तू मुद्दाम मला पाठवलास काय गं वहिनी?" वहिनीने शांतपणे सांगितलं, "सगळ्यांनाच पाठवलाय." नणंद दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने नाव काढून घेतलं.

नाना हे सगळं बघत होते. एक तिकीट गेलं, दुसरं गेलं. शेवटी त्यांच्याने राहवेना. "अरे, आपण तिकिटं विकायला बसलोय की तोडायला?"

फिलोमिना म्हणाली, "नाना, कस्टमर सर्व्हिस म्हणतात याला."

*

राहिले मिस्टर परब. त्यांना काहीच लागू पडेना. रेंज नाही म्हटलं, तर ते मोबाइल फक्त बायकोला फोन करायला वापरत. बाथरूम छोटं म्हटलं, तर सगळा जन्म चाळीत गेलेला. बोट हलते म्हटलं, तर म्हणाले, "कोकणातल्या माणसाला बोटीची भीती दाखवतेस?" मी पानांमागून पानं वाचत गेलो. मुदत संपायला एकच दिवस उरला.

शेवटच्या दिवशी ते स्वतः ऑफिसात आले, पैसे भरायला. बरोबर सिस्टर. त्या भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत बसल्या. पोस्टरमध्ये डेक होता आणि डेकवर एक रिकामी खुर्ची.

नाना पावतीपुस्तक काढायला लागले. मी म्हटलं, "सर, पैसे भरण्याआधी एक रिव्ह्यू वाचून दाखवतो. नाशिकच्या एका गृहस्थांचा आहे. ते लिहितात, 'सकाळचा चहा मशीनचा. कप घेऊन दोन मजले वर जावं लागतं आणि स्वतः भरून आणावा लागतो.'"

मिस्टर परबांनी चष्मा वर केला. "स्वतः?"

"हो."

"खोलीत आणून देत नाहीत?"

"पहाटे नाही."

"मी पाच वाजता चहा घेतो."

"मशीन चालू असतं, सर. पाच वाजताही मिळेल. जाऊन आणायचा फक्त."

 मग त्यांचा चेहरा उजळला. बायकोकडे वळून म्हणाले, "त्यात काय! तू आणून देशील."

सिस्टरांनी पोस्टरवरची नजर काढली नाही. "मी झोपलेली असेन," त्या म्हणाल्या.

 फिलोमिनाने टायपिंग थांबवलं होतं. नानांचं पेन पावतीवर तसंच टेकलेलं.

मिस्टर परब बराच वेळ बायकोकडे बघत राहिले. असं वाक्य त्यांनी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग त्यांनी चष्मा खाली केला, पाकीट खिशात घातलं आणि नानांना म्हणाले, "तिचं एकटीचंच राहू दे."

*

सिस्टर गेल्या आणि आल्या. आल्यावर बरेच दिवस ऑफिसकडे फिरकल्या नाहीत. आम्हालाही उत्सुकता होती, पण फोन करून विचारणं बरं दिसेना.

मग एका सकाळी फिलोमिना ओरडली, "सिस्टरांचा रिव्ह्यू आलाय! मराठीत!"

नाना धावत आले. "किती स्टार?"

"एक."

 फिलोमिनाने मोठ्याने वाचलं.

"'अतिशय कंटाळवाणा प्रवास. सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीत बसून होते. फोन लागत नाही. घरचं काही कळत नाही. दिवसभरात कोणी एकदाही हाक मारत नाही. चहा आपल्यापुरताच आणावा लागतो. जेवण झाल्यावर ताटसुद्धा दुसराच उचलून नेतो. संसारी माणसांनी आणि विशेषतः नातेवाईकांनी या बोटीच्या वाटेला जाऊ नये. सुमन परब, लालबाग.'"

नाना कपाळाला हात लावून बसले. "एवढं केलं आपण त्यांच्यासाठी! निदान तीन तरी द्यायचे."

दुपारी सिस्टर स्वतः आल्या. रंग जरा रापलेला. नाना उठून उभे राहिले. "सिस्टर, फार त्रास झालेला दिसतो. कंपनीकडे तक्रार करू या का? मी स्वतः लिहितो."

"तक्रार कसली?" सिस्टर म्हणाल्या. "आणि तुमच्या गिऱ्हाइकांना एक सांगत जा. जाताना डावीकडे बसावं, येताना उजवीकडे. दुपारचं ऊन लागत नाही."

"पण तो रिव्ह्यू..."

"घरी सगळ्यांना पाठवला. नणंदेलासुद्धा." त्यांनी पर्स उघडली. "पुढच्या सीझनचं बुकिंग कधी सुरू होतं?"